स्पीड भरपूर, तरी कॉल का अडकतो?

‘शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय. स्पीड टेस्ट केली की बरोबर शंभर दाखवते. मग मीटिंगमध्ये माझा आवाज तुटक का जातो?’ घरून काम करणाऱ्या मंडळींच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. केबलवाल्याला विचारलं तर त्याच्याकडे दोन ठरलेली उत्तरं असतात: राउटर बंद करून चालू करा, नाहीतर वरचा प्लॅन घ्या. पहिल्यानं कधी कधी थोडा वेळ बरं वाटतं. दुसऱ्यानं खिसा हलका होतो आणि कॉल पुन्हा अडकतो, कारण दुखणं बहुतेक वेळा स्पीडचं नसतंच.

१. किती आणि कधी

एमबीपीएस हा आकडा सांगतो की एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते. ती केव्हा पोचेल, हे तो सांगत नाही. एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तुमच्या लॅपटॉपपासून समोरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ वेगळा मोजावा लागतो. त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

बोलण्याच्या आवाजाला जागा फारच थोडी लागते. डिजिटल टेलिफोनचा जुना मानक आवाज ६४ केबीपीएसमध्ये मावतो. व्हिडिओ जोडला तरी दोन-तीन एमबीपीएसमध्ये काम भागतं. शंभरातले दोन-तीन, म्हणजे किरकोळच. पण आवाजाची पॅकेटं साधारण दर २० मिलिसेकंदांना एक अशी सुटतात आणि त्याच तालात पोचावी लागतात. एखादं पॅकेट अर्धा सेकंद उशिरा आलं, तर ते येऊन काही उपयोग नाही. तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं, म्हणून अॅप ते टाकून देतं आणि ऐकणाऱ्याला तुटक शब्द ऐकू येतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणाला फारसा जाणवत नाही. त्यापुढे ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ सुरू होतं.

स्पीड टेस्ट सुरुवातीला एक पिंग दाखवते खरी. पण तो जोडणी रिकामी असतानाचा असतो. मीटिंग अडकते ती जोडणी भरलेली असताना. बायकोचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढू लागतात, दाराबाहेरचा कॅमेरा चित्रीकरण वर पाठवत असतो, मुलाच्या लॅपटॉपवर अपडेट उतरत असतं. त्या वेळचा पिंग पाहिला, की कोडं निम्मं सुटतं.

२. गिरणीतली डब्यांची रांग

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. जातं एका वेगानं फिरतं आणि डबे ओळीनं लागतात. शेजारच्या खानावळवाल्यानं सकाळीच दहा डबे गहू आणून ठेवलेत. तुम्ही अर्धा किलो नाचणी घेऊन गेलात. तुमचं दळण दोन मिनिटांचं, पण नंबर अकरावा. (खऱ्या गिरणीत गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असा पंक्तिभेद असतो, तो तूर्त विसरू.) जातं जोरात फिरतंय, एक क्षणही रिकामं नाही. गिरणीवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, धंदा फर्स्ट क्लास. स्पीड टेस्टही हेच सांगते.

इंटरनेटच्या जोडणीत जातं म्हणजे सगळ्यात अरुंद जागा. घरगुती जोडणीत ती बहुधा राउटर किंवा फायबरच्या डब्यातून माहिती बाहेर पडते तिथे असते. येणाऱ्या माहितीसाठी ती इंटरनेट कंपनीच्या टोकाला असते. डबे ठेवायची फळी म्हणजे बफर: आलेली पॅकेटं आपला नंबर येईपर्यंत थांबतात ती मेमरी. थोडी फळी हवीच, नाहीतर एकदम चार गिऱ्हाइकं आली की तिघांना परत पाठवावं लागेल. पण फळी जेवढी लांब, तेवढी रांग लांब होऊ शकते, आणि जात्याचा वेग तर तोच राहतो.

३. एका फोटोएवढी जागा

आकडे घालून पाहू. समजा घरी डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस मिळतं. राउटरमधला बाहेर जाण्याच्या बाजूचा बफर अडीच मेगाबाइटचा आहे, म्हणजे मोबाइलच्या एका फोटोएवढा. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून अडीच मेगाबाइट म्हणजे २० मेगाबिट. सेकंदाला २० मेगाबिट बाहेर पडतात. म्हणजे बफर भरला की नव्या पॅकेटला पूर्ण एक सेकंद थांबावं लागेल. एका फोटोएवढ्या मेमरीनं मोकळ्या जोडणीवरचा पंधरा मिलिसेकंदांचा पिंग हजाराच्या वर नेला.

वरचा प्लॅन घेऊन अपलोड शंभर केलं, तर तोच बफर २०० मिलिसेकंदांत रिकामा होतो. म्हणजे केबलवाल्याचा सल्ला अगदीच खोटा नाही, पण २०० मिलिसेकंदसुद्धा कॉलला जाचतातच. आणखी एक गंमत अशी, की अपलोड तुंबलं की डाउनलोडही रेंगाळतं. वेबपेज मागायची विनंती आणि आलेल्या माहितीच्या पोचपावत्या याच रांगेतून बाहेर जातात.

४. फळी एवढी लांब केली कुणी?

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार यांच्यातली जोडणी बसली. अंतर जेमतेम ४०० यार्ड, पण ३२ हजार बिट प्रति सेकंदाचा वेग ४० बिटवर आला. सगळेजण पाठवत सुटले होते, पॅकेटं हरवत होती, हरवली म्हणून पुन्हा पाठवली जात होती आणि गर्दी आणखी वाढत होती. प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरनेटचा मोठा हिस्सा आजही त्याच तत्त्वावर चालतो: पाठवणाऱ्यानं हळूहळू वेग वाढवत न्यायचा आणि पॅकेट हरवलं, की ती गर्दीची खूण समजून वेग एकदम कमी करायचा.

म्हणजे पॅकेट हरवणं हा बिघाड नाही, तो निरोप आहे. नेमकं हेच पुढे विसरलं गेलं. मेमरी स्वस्त झाली आणि एकही पॅकेट हरवू नये म्हणून राउटर, मोडेम बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेले. पाठवणारा वेग वाढवत राहतो, हरवत काहीच नाही, बफर तुडुंब भरतो, आणि निरोप पोचतो तोवर रांग सेकंदभराची झालेली असते.

हे सगळं चव्हाट्यावर आणलं जिम गेटिस यांनी. युनिक्सवरच्या एक्स विंडो या चित्रपडद्याच्या प्रणालीचे ते एक जनक. २०१० मध्ये घरून मोठ्या फायली पाठवताना उशीर सेकंदाच्या वर जातोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि इंटरनेटचा इतका जाणकार माणूस स्वतःच्या घरातल्या राउटरच्या मागे लागला. या दुखण्याला बफरब्लोट हे नाव त्यांनीच रूढ केलं. गेटिस आणि डेव्ह टाट यांच्या पुढाकारानं त्यावर खुलं काम सुरू झालं. टाट २०२५ मध्ये गेले, पण तोवर त्यांच्या गटाचं काम जगभरच्या लिनक्स यंत्रांत पोचलं होतं.

५. आधी मोजा

औषधाआधी ताप मोजायचा. लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा. वायफायवर मोजलं तर हवेतला गोंधळ त्यात मिसळतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. घरातल्यांना पंधरा मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा (प्रयोगातला हाच भाग सर्वांत अवघड). विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि इंग्रजीत पिंग, मग जागा सोडून ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला चिकटून टी हे छोटं अक्षर टाइप करा. शेवटची रेघ-टी विसरलात तर विंडोज चारदाच मोजून गप्प बसतं.

दर सेकंदाला एक ओळ उमटू लागेल. जोडणी मोकळी असताना आकडे १४, १५, १४, १६ असे शांत दिसतात. मिनिटभर बघा, लिहून ठेवा. आता एखादा एक-दोन जीबीचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि नजर त्या खिडकीवर ठेवा. बफर फुगलेला असेल तर असं काहीसं दिसेल: ८५, २४०, ४१०, ५९०, ६३०, मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, पुन्हा ६१०. अपलोड थांबवलं की सेकंदा-दोन सेकंदांत पुन्हा १५. तुमची रांग तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. हेच एक मोठं डाउनलोड लावूनही करा.

खिडक्या-बिडक्या नको वाटत असतील तर फास्ट डॉट कॉमवर ‘आणखी माहिती’ उघडली की भार नसतानाचा आणि असतानाचा असे दोन्ही उशीर दिसतात. वेव्हफॉर्मची बफरब्लोट चाचणी तर शाळेसारखी श्रेणी देते. भाराखाली उशीर वीस-तीस मिलिसेकंदांनीच वाढत असेल, तर पुढची खटपट करू नका. तुमचं दुखणं दुसरं आहे.

६. रांग आपल्या दारात आणणे

आता शेपिंग. कल्पना ऐकायला उलटी वाटते: नेट सुधारण्यासाठी ते किंचित हळू करायचं.

गिरणीकडे परत जाऊ. गिरणीवाला अडेल आहे, फळी लांब आहे, आणि आपलं तिथे काही चालत नाही. पण दाराशी आपण आपला एक शहाणा माणूस उभा केला आणि त्याला सांगितलं, की जातं तासाला वीस डबे दळतं, तू अठराच आत सोड. आतली फळी कायम रिकामी राहील. रांग लागेल ती बाहेर, आपल्या माणसाच्या नजरेखाली. कुणाला आधी सोडायचं, कुणाला ‘आता पुरे, उद्या या’ म्हणायचं, हे तो ठरवेल.

राउटरमधला शेपर म्हणजे हाच माणूस. अपलोड २० असेल तर तो १८नंच पॅकेटं सोडतो, म्हणून पुढच्या फुगलेल्या बफरला भरायची संधीच मिळत नाही. डाउनलोडच्या बाजूला काम जरा अवघड आहे, कारण तिथली रांग कंपनीच्या टोकाला लागते आणि आपला राउटर तिच्या अलीकडे बसलेला. पण तो आलेल्या पॅकेटांतलं एखादं टाकून देऊ शकतो. पाठवणाऱ्या सर्व्हरला निरोप मिळतो, तो वेग उतरवतो, कंपनीकडची रांग ओसरते. हा आडून दिलेला निरोप असल्यानं डाउनलोडला थोडी जास्त मोकळीक ठेवावी लागते.

नुसता शेपर मात्र पुरत नाही. रांग बाहेर आणली आणि तीही वेड्यासारखी लांब होऊ दिली, तर फक्त पत्ता बदलला. म्हणून जोडीला रांग सांभाळण्याची रीत हवी. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली. तिची खुबी अशी, की ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजते. १०० मिलिसेकंदांच्या काळात एकाही पॅकेटला ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी थांबून सुटका मिळाली नाही, तर रांग तुंबली असं समजायचं आणि एक पॅकेट टाकून निरोप द्यायचा. क्षणभराची गर्दी ती खपवून घेते, मुक्काम ठोकून बसलेली गर्दी नाही. टाकलेलं पॅकेट पाठवणारा पुन्हा पाठवतो, त्यामुळे तुमची फाइल अर्धवट राहत नाही.

त्याला एफक्यू-कोडेलनं आणखी एक जोड दिली: प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग आणि आळीपाळीनं प्रत्येकीतून थोडं थोडं. खानावळवाल्याचा एक डबा, मग तुमची नाचणी. तुमच्यापुढे कितीही डबे असोत, अर्धा किलोवाल्याला थांबावं लागत नाही. हे त्याच वर्षी लिनक्समध्ये आलं. २०१८ मध्ये आलेल्या केक नावाच्या रीतीत शेपर आणि रांग दोन्ही एकत्र आहेत. शिवाय एक पर्याय चालू केला की तो आधी घरातल्या उपकरणांमध्ये वाटणी करतो. नाहीतर टोरंट चालवणारा एकच लॅपटॉप चाळीस जोडण्या उघडून चाळीस गिऱ्हाइकांचा वाटा उचलतो.

दुकानात मिळणाऱ्या राउटरच्या खोक्यावर ‘गेमिंग मोड’ छापलेलं असतं. तो बहुतेकदा एका उपकरणाला पुढे घालण्याचा नियम असतो. वेगाची मर्यादा घातलेली नसेल तर रांग पुढच्या बफरमध्येच लागते आणि हा नियम रिकाम्या दारात उभं राहून शिस्त लावतो. मला अशा मोडपेक्षा एक साधा वेगाचा आकडा भरायची चौकट जास्त विश्वासाची वाटते.

७. आकडा ठरवण्याचा प्रयोग

ही सोय सगळ्या राउटरमध्ये नसते. सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांग सांभाळण्याची सोय), केक किंवा एफक्यू-कोडेल यांपैकी काही दिसतं का पाहा. नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी ही फुकट आणि खुली प्रणाली अनेक राउटरवर चढवता येते. लिंकसिसच्या एका राउटरचा लिनक्स सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला, त्यातून ती जन्मली. केबलवाल्यानं दिलेल्या फायबरच्या डब्याला हात न लावता त्याच्यामागे असा दुसरा राउटर जोडला तरी चालतं, फक्त घरातली सगळी उपकरणं नव्या राउटरवर आणावी लागतात. एकही जुन्यावर राहिलं, तर ते दारावरच्या माणसाला वळसा घालून आत शिरतं.

ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएमच्या पानावर तीनच गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, इंटरफेस बाहेरच्या जोडणीचा निवडायचा. आतला निवडला तर अपलोड-डाउनलोडची अदलाबदल होते. दुसरी, वेग किलोबिटमध्ये लिहायचा. १८ एमबीपीएस हवे असतील तर १८०००. नुसतं १८ लिहून बघा, नेट कसं बसतं ते कळेल. आणि शून्य म्हणजे त्या बाजूला शेपिंग बंद. तिसरी, प्रत्येक पॅकेटभोवतीच्या वेष्टनाचा हिशेब. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत दर पॅकेटमागे ८ बाइट जादा जातात, वर इथरनेटचं वेष्टन वेगळंच. राउटरनं ते धरलं नाही तर त्याला वाटतं आपण १८ पाठवतोय आणि तारेवर पडतात त्याहून जास्त. फायबरसाठी ४४ बाइट हा सुरक्षित आकडा सहसा सुचवतात.

आता समजा मोजलेला वेग १०० आणि २०. दोन्हींच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करा: ९०००० आणि १८०००. पिंगची खिडकी उघडी ठेवून तेच अपलोड पुन्हा लावा. आकडे १५, १९, १७, २२ असे राहिले, की शेपर लागू पडला. मग अपलोड १८५०० करा, पुन्हा मोजा. १९०००. पुन्हा मोजा. समजा १९५०० वर आकडे ६०-७० कडे सरकू लागले, तर तिथे रांग परत पुढच्या बफरमध्ये गेली. एक पायरी मागे या आणि १९००० वर थांबा. एका वेळी एकच आकडा हलवायचा. अपलोडचं ठरलं की मग डाउनलोड.

यात गमावलं किती? एक जीबीचा व्हिडिओ म्हणजे ८००० मेगाबिट. २० एमबीपीएसनं तो ४०० सेकंदांत चढला असता, १९नं ४२१ लागतील. एकवीस सेकंद. तेवढ्या मोबदल्यात अपलोड चालू असतानाही कॉल सलग चालतो.

ठरलेला आकडा रात्री नऊच्या सुमारास एकदा तपासायलाच हवा. त्या वेळी इमारतीतले सगळे सिनेमा बघत असतात आणि कंपनी शंभराऐवजी सत्तरच देत असेल, तर ९० चा शेपर गप्प बसून राहतो, कारण जातंच त्याच्यापेक्षा हळू झालेलं असतं. अशा वेळी त्या वाईट वेळेला धरून आकडा खाली आणायचा, की दिवसभर पूर्ण वेग घेऊन संध्याकाळ सहन करायची, हे घरात कोण कधी काम करतं त्यावर ठरवा. ४जी-५जीच्या हवेतल्या जोडणीवर तर वेग मिनिटामिनिटाला बदलतो. तिथे एकच आकडा भरून ठेवणं फारसं कामाचं नाही.

८. शेपरच्या हाताबाहेरचं

शेपिंगला राउटरच्या प्रोसेसरची ताकद लागते. एरवी अनेक राउटर पॅकेटं प्रोसेसरला न दाखवता वेगळ्या चिपमधून परस्पर पुढे ढकलतात. शेपिंगसाठी ही सवलत बंद करावी लागते, कारण दारावरच्या माणसानं पाहिलंच नाही तर तो अडवणार काय? मग ३०० एमबीपीएसची मर्यादा घातली आणि १४० च मिळू लागले, तर तो राउटरचा आवाका संपला. दमदार राउटर घ्या किंवा १४० वर समाधान माना.

केबलवर सगळं सुरळीत आणि आतल्या खोलीत वायफायवर गडबड, तर दोष भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या वायफायचा आहे. राउटरची जागा बदलून किंवा खोलीपर्यंत तार ओढूनच तो सुटेल.

आणि अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७८००. एवढ्यालाच ३९ मिलिसेकंद गेले, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. नाशकातला मुलगा सिंगापूरच्या सर्व्हरवर गेम खेळत असेल आणि पिंग ७० दाखवत असेल, तर राउटरमध्ये कितीही आकडे बदला, तो १५ होणार नाही. शेपर एवढंच पाहतो, की ताईनं फोटो चढवायला घेतले तरी ते ७० चे ७०० होऊ नयेत. बाकी गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडायची सोय असेल, तर तो निवडावा.